बारीतून ताटापर्यंत : भिलाई परिसरातील पालेभाज्या आणि आहारसाक्षरता

भिलाई म्हटले की प्रथम आठवतो तो पोलाद कारखाना. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हा कारखाना उभारण्याचा करार झाला, तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणींतून येणाऱ्या लोहखनिजावर हे शहर उभे राहिले. मात्र या लोहनगरीच्या राज्यात लोहाची उणीव आहे आणि ती माणसांच्या रक्तात आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) छत्तीसगडमध्ये १५ ते ४९ वयोगटातील ६०.८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४७ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ४१.६ टक्क्यांवरून ६७.२ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्राची स्थितीही समाधानकारक नाही. आपल्याकडे स्त्रियांतील प्रमाण ५४.२ टक्के आणि बालकांतील ६८.९ टक्के आहे. त्यामुळे भिलाई-दुर्ग परिसराचा अनुभव गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या विस्तार कार्यकर्त्यांनाही उपयुक्त ठरावा. दोन्हीकडे धानाची शेती आहे, भातप्रधान आहार आहे आणि पालेभाज्याही बहुतांशी त्याच आहेत.

तांदूळ पोहोचला, भाजी मागे राहिली

छत्तीसगडने २०१२ मध्ये स्वतःचा अन्न व पोषण सुरक्षा कायदा केला. स्वस्त धान्याच्या वितरणासाठी हे राज्य देशभर ओळखले गेले. पोटभर भात मिळण्याचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ सुटला. परंतु शिधापत्रिकेवर हिरवी भाजी मिळत नाही. ती बाजारातून आणावी लागते किंवा घरामागे पिकवावी लागते.

दुर्ग जिल्हा भाजीपाल्यात मागे नाही. धमधा परिसर टोमॅटोच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. मात्र बाजारासाठी पिकवलेला माल गाडीत भरून बाहेर जातो आणि घरच्या ताटात किती वाढला जातो, याची नोंद कोणी ठेवत नाही. जिल्ह्याचे उत्पादन वाढले म्हणून घराचे पोषण आपोआप वाढत नाही, ही गोष्ट कृषी विस्तारात वारंवार विसरली जाते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांनुसार सुमारे २,००० कॅलरींच्या दैनंदिन आहारात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात आणि त्यांपैकी १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या असाव्यात. पाच जणांच्या कुटुंबाला म्हणजे रोज अर्धा किलो, महिन्याला १५ किलो पालेभाजी लागते. माठासारखी भाजी चौरस मीटरला एका कापणीत ढोबळमानाने एक किलो मिळते आणि पेरणीपासून साधारण महिन्याभरात कापणीला येते. त्यामुळे सुमारे १५ चौरस मीटर जागा, म्हणजे पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद तुकडा, हंगामात कुटुंबाची गरज भागवू शकतो. नगरातील क्वार्टरच्या अंगणातही एवढी जागा अनेकदा निघते.

बारी म्हणजे आपली सांदवाडी

घरामागच्या भाजीच्या जागेला छत्तीसगडीत 'बारी' म्हणतात. आपण तिला परसबाग म्हणतो आणि झाडीपट्टीत तीच सांदवाडी होते. राज्य शासनाने २०१९ च्या सुमारास 'नरवा, गरुवा, घुरवा, बारी' हा कार्यक्रम हाती घेतला. नरवा म्हणजे ओढा, गरुवा म्हणजे गुरे, घुरवा म्हणजे उकिरडा. ओढ्याचे पाणी अडवावे, गुरांची व्यवस्था लावावी, शेणाचे खत करावे आणि ते बारीला द्यावे, अशी ही साखळी होती. २० जुलै २०२० रोजी हरेली सणाच्या दिवशी गोधन न्याय योजना सुरू झाली आणि शेण दोन रुपये किलोने विकत घेतले जाऊ लागले. सरकारे बदलली की योजनांचे अग्रक्रमही बदलतात. परंतु पाणी, गुरे, खत आणि परसबाग यांचा परस्परसंबंध कोणत्याही योजनेपेक्षा जुना आहे. तो घराच्या पातळीवर टिकवणे हे विस्ताराचे काम आहे.

ओळखीच्या भाज्या, वेगळी नावे

छत्तीसगडमध्ये 'भाजी' म्हटले की पालेभाजीच समजली जाते, इतकी ती आहारात मुरलेली आहे. पुढील नावे पाहिली तर आपल्याच परसातील ओळख पटेल.

• पावसाळा : चरोटा (टाकळा, विदर्भात तरोटा), अमारी (अंबाडी), कोचई (अळू).
• हिवाळा : लाल भाजी (लाल माठ), चना भाजी (हरभऱ्याचा कोवळा पाला), तिवरा भाजी (लाखोळी), पालक, मेथी.
• उन्हाळा : चौलाई (तांदुळजा), पोई (मायाळू), पाण्याच्या कडेला करमत्ता (नाळीची भाजी).
• बहुवर्षायू : मुनगा (शेवगा).

यांपैकी चरोटा पेरावाही लागत नाही. तो बांधावर आपोआप उगवतो. तरीही नव्या पिढीच्या ताटातून अशा भाज्या कमी होत आहेत. त्या 'गरिबाच्या' समजल्या जातात, निवडायला वेळ लागतो आणि कोवळा पाला कोणत्या दिवसांत खुडावा हे माहीत असणारी माणसे घरात कमी झाली आहेत. बियाणे टिकले आणि ज्ञान हरवले, तर वाफा हिरवा राहील पण ताट पांढरेच राहील.

आहारसाक्षरता म्हणजे काय?

कोणती भाजी केव्हा पिकवावी, कशी शिजवावी, कशासोबत खावी आणि घरातील कोणाला तिची गरज अधिक आहे, हे जाणून तसे वागणे म्हणजे आहारसाक्षरता. काही साधी तत्त्वे मोठा फरक घडवतात.

पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. म्हणून भाजी ताटात घेतल्यावर वरून लिंबू पिळावे किंवा सोबत आवळा, पेरू खावा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा हे शोषण घटवतो; मध्ये किमान तासाभराचे अंतर असावे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. फोडणीत थोडे तेल असू द्यावे, कारण पाल्यातील 'अ' जीवनसत्त्वाच्या पूर्वघटकांना शोषणासाठी स्निग्धांश लागतो.

साक्षरतेत धोक्याचे ज्ञानही येते. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप हे मज्जातंतूंना अपायकारक द्रव्य असते. दीर्घकाळ लाखोळी हेच मुख्य अन्न झाल्यास पाय लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवडा' हे कमी ओडॅपचे वाण विकसित केले आहेत. उभ्या धानात उतेरा पद्धतीने लाखोळी फेकणाऱ्या शेतकऱ्यांनी असेच वाण निवडावेत आणि ती आहाराचा मुख्य भाग होऊ देऊ नये.

परंपरेकडे डोळसपणे पाहण्याचे दुसरे उदाहरण बोरे-बासीचे आहे. पाण्यात भिजवून ठेवलेला हा भात श्रमिकांचे जुने अन्न आहे. १ मे २०२२ रोजी कामगारदिनी तो खाण्याचे आवाहन राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी केले, तेव्हा त्याला प्रतिष्ठा मिळाली. मात्र नुसती बासी म्हणजे शेवटी भातच. कांदा, चटणी आणि पालेभाजी सोबत असते तेव्हाच ते परिपूर्ण जेवणाच्या जवळ जाते.

परसबागेसाठी काही सूचना

१. १५ चौरस मीटरचे चार-पाच वाफे करावेत आणि दर आठवड्याला एकच वाफा पेरावा. सर्व वाफे एकदम पेरल्यास एक आठवडा भाजी उतू जाते आणि पुढे तीन आठवडे काहीच मिळत नाही.
२. कुंपणाला मायाळू, कोपऱ्यात शेवगा, मोरीच्या पाण्यावर केळी व पपई आणि शक्य असल्यास एक लिंबू लावावे. शेवगा सुमारे मीटरभर उंचीवर छाटत राहिल्यास कोवळा पाला हाताशी येतो.
३. औद्योगिक शहरात जागेची निवड महत्त्वाची आहे. सांडपाण्याच्या नाल्यावर किंवा राख-कचऱ्याच्या भरावावर पालेभाजी घेऊ नये, कारण पाने जड धातू साठवतात. शंका असेल तेथे मातीची तपासणी करावी आणि तोवर चांगली माती व शेणखत भरलेल्या पिशव्यांत लागवड करावी.
४. प्रत्येक भाजीची दोन-चार जोमदार झाडे बियांसाठी राखावीत.

मोजमाप बदलावे

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या 'नारी' कार्यक्रमातून कृषी विज्ञान केंद्रे पोषणबागांचा प्रसार करतात. दरवर्षी सप्टेंबरात पोषण माह साजरा होतो. बियाण्यांची पाकिटे वाटली जातात, छायाचित्रे निघतात आणि अहवालात बागांची संख्या भरली जाते. ही संख्या आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. महिन्याभराने त्याच घरी पुन्हा जाऊन दोन प्रश्न विचारावेत : काल घरात कोणती पालेभाजी शिजली? आणि ती कोणाच्या ताटात गेली?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अनेक घरांत आजही स्त्री शेवटी जेवते आणि तोवर भाजी संपलेली असते. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, तर पुरुषाला १९ मिलिग्रॅम. जिला गरज जास्त तिलाच कमी वाढले जात असेल, तर सर्वोत्तम वाण आणि सर्वोत्तम खत यांचाही उपयोग होणार नाही. म्हणून परसबागेचे प्रशिक्षण एकट्या महिलांना देऊन थांबू नये. पुरुष, सासू-सासरे आणि शाळकरी मुले यांनाही त्यात बसवावे. ज्यांना तीव्र रक्तक्षय आहे त्यांना आरोग्य केंद्रात तपासणी व लोहाच्या गोळ्या मिळाल्याच पाहिजेत. भाजी हा त्या उपचाराला पर्याय नाही, तर उपचारानंतर आरोग्य टिकवणारा आधार आहे.

धान, गुरे, घुरवा आणि बारी हे सर्व आपल्याजवळ आहे. सांदवाडीतला पहिला वाटा घराचा आणि घरातला पहिला वाटा गरजवंताचा, एवढा नियम पाळला गेला तर पंधरा चौरस मीटर जमीनही कुटुंबाच्या आरोग्याला मोठा हातभार लावू शकेल.