वकील व्हावयाचें तर

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडील जुनी म्हण आहे. ज्याला पायरी चढावयाची कीं नाहीं हें स्वतः ठरवितां येतें त्याच्यापुरती ती खरी आहे. परंतु कित्येकांच्या बाबतींत कोर्टाची पायरीच चालत त्यांच्या दारीं येते, आणि मग शहाणपण दूर राहण्यांत नसून योग्य माणूस वेळेवर गांठण्यांत असतें. भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्यांत, वैनगंगेच्या कांठीं असलेलें गोसीखुर्द हें याचें ठळक उदाहरण होय.

या गांवाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसविली गेली. अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा बांध, ३३ दरवाजे, आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील सुमारें अडीच लाख हेक्टर जमिनीस पाणी देण्याचा संकल्प, असा हा प्रचंड उद्योग आहे. त्याचा मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढें तो अनेक पटींनीं वाढला, आणि कालांतरानें केंद्र सरकारनें या कामास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. पाण्याखालीं गेलेल्या गांवांतील हजारों कुटुंबांना मात्र या साऱ्याची ओळख प्रथम झाली ती पाण्यानें नव्हे, तर कागदानें. ज्यांनीं जन्मांत कधीं कचेरी पाहिली नव्हती त्यांच्या हातीं भूसंपादनाच्या नोटिसा पडल्या.

त्या कागदाचें सामर्थ्य किती असतें हें नीट पाहण्याजोगें आहे. या प्रकल्पाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत जमिनी घेतल्या गेल्या त्या मुख्यतः १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालीं. अधिकाऱ्यानें निवाडा जाहीर केला, मोबदला थोडा वाटला, तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी कलम १८ प्रमाणें करतां येत असे. निवाड्याच्या वेळीं शेतकरी हजर असेल तर मुदत सहा आठवड्यांची. हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकीं जें आधीं संपेल तें. परंतु याहूनही बारीक एक अट होती. रक्कम घेतांना ती ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे आपली हरकत राखून, घेतली असली पाहिजे. हरकत न राखतां मुकाट्यानें पैसे घेतले कीं त्या कलमाखालीं अधिक मागण्याचा हक्कच संपला! दोन शब्द लिहिणें आणि न लिहिणें यांत एका घराची पुढली पिढी तोलली जात असे.

आणि तरीही एक दार उघडें होतें. १९८४ च्या दुरुस्तीनें कायद्यांत कलम २८-अ आलें. एकाच अधिसूचनेंतील एखाद्या शेजाऱ्याला न्यायालयानें अधिक मोबदला दिला, तर ज्यानें पूर्वी अर्ज केला नव्हता त्यालाही त्या न्यायालयीन निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आंत तसाच मोबदला मागतां येत असे. हें दार तीन महिनेच उघडें राहतें, हें सांगणारा जाणता माणूस गांवांत असला तर लाभ, नसला तर हानि. १ जानेवारी २०१४ पासून भूसंपादनाचा २०१३ चा नवा कायदा अमलांत आला. त्यांतही मुदती आहेत, अटी आहेत, आणि त्या समजावून देणाऱ्याची गरज तितकीच आहे.

म्हणूनच अशा गांवांतील एखादी बारावी झालेली मुलगी “मला वकील व्हावयाचें आहे” असें म्हणूं लागली, तर त्यांत नवल नाहीं. मोबदल्याची रक्कम घरांत एकदांच येते. तींतून घर बांधावें, लग्न करावें, कीं शिक्षणास खर्चावी, हा प्रश्न पडतो. “वकील काय, उकिरड्यावर दगड मारला तरी वकिलालाच लागतो,” असें म्हणणारा मामा प्रत्येक घरीं असतोच. अशा वेळीं आईबापांना हवी असते ती वाटेची खरी माहिती. कौतुक नको आणि धाकही नको.

पूर्वीची व्यवस्था मोठी पायऱ्यापायऱ्यांची होती. मुखत्यार, प्लीडर, हायकोर्ट वकील, ॲडव्होकेट आणि विलायतेहून आलेले बॅरिस्टर, असे थर असत. स्त्रियांना तर या धंद्याचा दरवाजा १९२३ च्या कायद्यानें रीतसर उघडला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनें हे थर मोडून एकच वर्ग ठेवला. भारताचा नागरिक, वयाचीं २१ वर्षें पूर्ण, आणि मान्य विद्यापीठाची कायद्याची पदवी, या त्याच्या मुख्य अटी होत. तालुक्याच्या कोर्टांत उभा राहणारा आणि दिल्लीस सर्वोच्च न्यायालयांत उभा राहणारा, दोघांची मूळ सनद एकाच जातीची.

पदवीच्या वाटा दोन आहेत. एक बारावीनंतर पांच वर्षांची, हींत बी. ए. किंवा तत्सम पदवी आणि एलएल. बी. एकत्र गुंफलेली असते. दुसरी, कोणतीही पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांची. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणें प्रवेशासाठीं पहिल्या वाटेस बारावींत आणि दुसरीस पदवींत किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गीयांस ४२ आणि अनुसूचित जातिजमातींस ४०. सनद दोहोंनंतर सारखीच मिळते, न्यायाधीश वकिलाला “तुम्ही पांच वर्षांचे कीं तीन वर्षांचे?” असें कधीं विचारीत नाहीं.

मग निवड कशावरून करावी? ज्या मुलाचा निश्चय झालेला आहे त्याचें पांच वर्षांच्या वाटेनें एक वर्ष वांचतें, आणि कोंवळ्या वयापासून कायद्याची भाषा अंगवळणी पडते. परंतु सतराव्या वर्षींचा निश्चय पुष्कळदां शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून झालेला असतो. दोन वर्षांनीं मन उडालें तर हातीं कांहींच पुरें लागत नाहीं. तीन वर्षांच्या वाटेनें जाणाऱ्याजवळ आधींची पदवी असते. वकिली न जमली तरी शिक्षकाची, बँकेची, सरकारी परीक्षेची दारें उघडीं राहतात. शिवाय ती आधींची विद्या फुकट जात नाहीं. वाणिज्य शिकलेला कराच्या प्रकरणांत, विज्ञान शिकलेला पेटंटच्या कामांत, कृषि शिकलेला जमिनीच्या मोजणीच्या वादांत चार पावलें पुढें असतो. तेव्हां निश्चय पक्का असेल तर पांच, मन डळमळत असेल तर तीन, हा साधा नियम बहुतेक घरांना पुरेसा आहे.

प्रवेशासाठीं परीक्षा आहेत. महाराष्ट्रांतील महाविद्यालयांसाठीं राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा असते. ती मराठींतूनही देतां येते, आणि तींत कायद्याची प्राथमिक जाण, सामान्य ज्ञान, तर्क व इंग्रजी यांची कसोटी लागते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची परीक्षा ‘क्लॅट’ ही निराळी असून ती इंग्रजींत होते. नागपूर भागांतील विद्यार्थ्यास दोन्ही प्रकारच्या संस्था जवळ आहेत. १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचें कायद्याचें महाविद्यालय आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवानें चालतें. आणि बुटीबोरीकडील वारंगा येथें महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे. सरकारी व विद्यापीठीय महाविद्यालयांची फी हजारांत मोजली जाते, राष्ट्रीय विद्यापीठांची लाखांत. मोठ्या कंपनीच्या नोकरीचा मार्ग राष्ट्रीय विद्यापीठांतून सोपा होतो हें खरें. परंतु ज्याला पवनी वा भंडाऱ्यास काळा कोट घालावयाचा आहे त्यानें कर्ज काढून तेथें गेलेंच पाहिजे असें नाहीं. नागपुरास वकिली केलेले महंमद हिदायतुल्ला १९६८ सालीं, शरद बोबडे २०१९ सालीं आणि भूषण गवई २०२५ सालीं देशाचे सरन्यायाधीश झाले; या शहराच्या बाररूममधून वाट कोठवर जाते हें त्यावरून दिसतें.

दोन गोष्टी मात्र प्रवेशापूर्वी तपासाव्या. महाविद्यालयास बार कौन्सिलची मान्यता चालू आहे कीं नाहीं ही पहिली. आणि पत्रद्वारां वा दूरशिक्षणानें मिळविलेली कायद्याची पदवी सनदेस चालत नाहीं ही दुसरी. पुस्तकें घेतांनाही डोळे उघडे ठेवावे. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे. थोरल्या भावाचीं जुनीं पुस्तकें फौजदारी कायद्यापुरतीं आतां अपुरीं पडतात.

भाषेचा प्रश्न खेड्यांतील मुलांना फार भेडसावतो. १९९८ सालच्या अधिसूचनेनें महाराष्ट्रांतील खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे, आणि तेथें स्वच्छ, नेमकी मराठी लिहिणाऱ्या वकिलास मान आहे. परंतु उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें, आणि वरिष्ठ न्यायालयांचे निकाल इंग्रजींतच वाचावे लागतात. म्हणून इंग्रजीची भीति नको, पण टाळाटाळही नको. रोज एक निकाल शब्दकोश घेऊन वाचला तर वर्षभरांत भीड मोडते.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नांव नोंदवावयाचें. या नोंदणीस भरमसाट शुल्क घेतलें जाण्याची तक्रार देशभर होती. ३० जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं कायद्यांत लिहिल्याहून अधिक, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांहून आणि अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेतां येणार नाहीं. गरीब घरच्या मुलास हा निर्णय ठाऊक असला पाहिजे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती २०११ पासून सुरू झाली, आणि २०२३ सालीं घटनापीठानें ती योग्य ठरविली. शंभर प्रश्नांची ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच वकिली करण्याचें पक्कें प्रमाणपत्र मिळतें.

येथपर्यंतची वाट पुस्तकांची. यापुढील वाट पायपिटीची. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं बसून फाइली लावणें, तारखा घेणें, नकला मिळविणें, अर्जाचा मसुदा दहा वेळां फाडून पुनः लिहिणें, यांतच खरी वकिली शिकली जाते. या काळांत मिळकत अत्यल्प असते, आणि घरच्यांचा धीर सुटतो तो येथेंच. ऑक्टोबर २०२४ मध्यें बार कौन्सिलनें कनिष्ठ वकिलांस शहरांत दरमहा २०,००० व ग्रामीण भागांत १५,००० रुपये द्यावे अशी शिफारस केली; परंतु ती शिफारस आहे, सक्ति नव्हे. खुद्द डॉ. आंबेडकर १९२३ सालीं बॅरिस्टर होऊन परतले, तरी संसार चालविण्यासाठीं १९२५ पासून कांहीं वर्षें त्यांना मुंबईच्या एका हिशेबनिसीच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकवावा लागला. तेव्हां शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडतांना पदवीचीं वर्षें धरावीं तशीं त्यापुढलीं तीन-चार वर्षेंही धरावीं. सारी रक्कम फीमध्यें ओतून ऐन उमेदवारीच्या काळांत हात रिकामा ठेवणें हा सर्वांत महाग सौदा होय.

न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांनाही ही उमेदवारी चुकत नाहीं. दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठीं लोकसेवा आयोगाची परीक्षा असते. आणि २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या पदाच्या यापुढील भरतीस तीन वर्षांच्या वकिलीची अट पुनः लागू केली. ज्यानें पक्षकाराची घालमेल जवळून पाहिली नाहीं त्यानें एकदम न्यायासनावर बसूं नये, हा त्यामागील हेतु उघड आहे. याशिवाय सरकारी वकील, विधि सेवा समितीचें मोफत साहाय्याचें काम, बँका व कंपन्यांतील कायदा विभाग, अध्यापन, अशा अनेक शाखा आहेत. मूळ मात्र तेंच.

ही वाट कोणी धरूं नये, हेंही सांगणें अवश्य आहे. ज्याला केवळ बोलण्याची हौस आहे पण वाचण्याचा कंटाळा, ज्याला तारीख लक्षांत राहत नाहीं, आणि ज्याला दुसऱ्याचें गाऱ्हाणें शेवटपर्यंत ऐकवत नाहीं, त्यानें दुसरा व्यवसाय पाहावा. वक्तृत्व पुढें येतें. आधीं लागते ती चिकाटी. गोसीखुर्दच्या परिसरांतील शेतकऱ्याला भाषण करणारा वकील नको होता. “पावतीवर सही करण्यापूर्वी हे दोन शब्द लिहा, आणि सहा आठवडे विसरूं नका,” असें वेळेवर सांगणारा हवा होता.

धरणाचें पाणी कालव्यांनीं दूर जातें. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे प्रश्न तेथेंच राहतात. वारसांच्या नोंदी, वांटण्या, पुनर्वसनाच्या भूखंडांचे कागद, अशीं प्रकरणें एका पिढींत संपत नाहींत. त्या गांवांतील एखादी मुलगी नागपुरास शिकून, चार वर्षें कोणाच्या तरी हाताखालीं घासून, पवनीच्या कोर्टांत आपल्याच लोकांची फाइल घेऊन उभी राहिली, तर तिच्यावर खर्चलेला पैसा कारणीं लागला असें म्हणावयास हरकत नाहीं. मग शहाण्यानें कोर्टाची पायरी खुशाल न चढावी. पण चढावीच लागली, तर हात धरणारें माणूस तेथें असेल.