लाकडाचा मान

खुर्ची ही आपल्या इतक्या नित्य परिचयाची वस्तू आहे की, तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. राजाचे सिंहासन पाहावयास लोक लांबून येतात. पण ज्या साध्या आसनावर मनुष्य जेवतो, लिहितो, विसावतो, त्याचा विचार करण्याची त्याला सवड नसते. डेन्मार्क या चिमुकल्या देशाने मात्र विसाव्या शतकाच्या मध्याला हा विचार मोठ्या निष्ठेने केला.

त्याचा पाया घातला कोरे क्लिंट यांनी. कोपनहेगनच्या शाही कला अकादमीत १९२४ साली सुरू झालेल्या फर्निचरच्या विभागात ते विद्यार्थ्यांना मनुष्यदेहाची मापे घ्यावयास लावीत आणि जुन्या उत्तम वस्तूंचा अभ्यास करवीत. पुढे १९२७ पासून तेथील कुशल सुतारांच्या संघाने वार्षिक प्रदर्शने भरविली. यंत्राच्या मालापुढे हातकाम टिकणार कसे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. रचनाकार आणि कारागीर यांची जोडी या प्रदर्शनांत जमली. १९६६ पर्यंत ती भरत राहिली.

१९४९ च्या प्रदर्शनात हान्स वेग्नर यांची ‘गोल खुर्ची’ मांडली गेली. वेग्नर हे जोडे शिवणाऱ्या कारागिराचे पुत्र. सुतारकाम स्वतः शिकलेले. या खुर्चीची पाठ आणि हात मिळून एकच अर्धवर्तुळ होते, आणि ते भरीव लाकडाच्या तीन तुकड्यांचे असते. पाठीवरचे सांधे झाकण्यासाठी त्यांनी प्रथम तेथे वेत गुंडाळला होता. लौकरच त्यांनी तो काढून टाकला आणि सांधा दातेरी करून उघडा ठेवला. जे लपवावयाचे, तेच अलंकार झाले! १९६० साली केनेडी आणि निक्सन यांची पहिली वादसभा अमेरिकन टेलिव्हिजनवर झाली, तेव्हा दोघांसाठी हीच खुर्ची ठेवलेली होती.

उत्तम द्रव्य म्हणजे महाग द्रव्य, असे मात्र नव्हे. वेग्नर यांच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या पाठीच्या खुर्चीची बैठक पिळलेल्या कागदाच्या दोरीने विणतात. एका बैठकीस सुमारे १२० मीटर दोरी लागते, आणि ती हातानेच विणावी लागते. कागदासारखी क्षुद्र वस्तू, पण कारागिराचा हात लागताच ती वर्षानुवर्षे माणसाचा भार वाहते.

सागवान तर आपल्या घरच्या दारांचे आणि तुळयांचे लाकूड. अंगच्या तेलामुळे ते टिकते, हे आपल्याला ठाऊकच आहे. आग्नेय आशियातून आलेल्या याच सागाला डॅनिश सुतारांनी नाजूक वळणे दिली. ब्राझीलचा काळसर शिसवही त्यांच्या आवडीचा. पण या आवडीची किंमत अरण्यांनाही मोजावी लागते. जगभरच्या मागणीने आणि जंगलतोडीने तो वृक्ष दुर्मिळ झाला, आणि १९९२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले.

म्हणून या खुर्च्यांपासून घ्यावयाचा धडा ऐश्वर्याचा नाही. जे झाड वाढण्यास माणसाचे आयुष्य लागते, त्याची वस्तू निदान तितकी वर्षे तरी टिकावी, एवढाच त्याचा अर्थ आहे.