शाळेचा सुरक्षा-आराखडा : मूल सोडावें कीं ठेवावें ?

शाळा म्हटली कीं आपण निकाल, शिस्त आणि फी या तीन गोष्टींची कसून चौकशी करतों. परंतु ज्या इमारतींत आपलें मूल दिवसाचे पांच-सहा तास काढतें, तिला आग लागली किंवा तिच्या दाराशीं कमरेइतकें पाणी आलें, तर कोणी काय करावयाचें हें शाळेनें ठरविलें आहे काय, असें विचारणारा पालक विरळा. विचारलेंच तर उत्तर मिळतें, "आराखडा आहे." आणि तो असतोहि, मुख्याध्यापकांच्या कपाटांत, नीट टाचून ठेवलेला असतो. तो याच इमारतीसाठीं लिहिला आहे काय, आणि लिहिल्यावर कोणी तपासला आहे काय, या दोन प्रश्नांविषयीं मी आज बोलणार आहें.

उपनगरांतल्या लोकांना २६ जुलै २००५ चा मंगळवार आठवत असेल. सांताक्रूझच्या वेधशाळेंत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला शंभरहि झाला नाहीं. फोर्टांतल्या कचेरींत बसलेल्या बापाला आपल्या मुलाच्या शाळेपुढें काय चाललें आहे याची खिडकींतून पाहून कल्पनाहि येईना. दुपारीं दोननंतर पावसानें जोर धरला, त्यांतच भरती असल्यामुळें नाल्यांचें पाणी समुद्रांत उतरेना. गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले, टेलिफोन आणि मोबाइल मुके झाले. दुपारच्या सत्राचीं मुलें मात्र वर्गांत बसलेलीं होतीं, आणि त्यांच्या मुख्याध्यापकांपुढें एकच प्रश्न होता : हीं मुलें सोडावींत कीं ठेवावींत ?

उत्तरें निरनिराळीं मिळालीं. कांहीं शाळांनीं मुलांना वरच्या मजल्यावर नेऊन रात्रभर तेथेंच ठेवलें, शिक्षकहि राहिले. कांहीं मुलें शाळेच्या बसमध्यें तासन्‌तास अडकलीं. कित्येक मुलें पाण्यांतून वाट काढीत घराकडे निघालीं, जेथें उघडें गटार कोठें आहे हें मोठ्या माणसालाहि दिसत नव्हतें. वर्गांत राहिलेलीं मुलें भुकेनें कळवळलीं असतील, रडलीं असतील, पण कोरडीं होतीं. त्या दिवशीं ज्यांनीं योग्य निर्णय केला, त्यांनीं तो बहुधा स्वतःच्या अकलेनें आणि छातीनें केला. आराखड्याचें काम हें कीं, तोच निर्णय एखाद्या कोरड्या दिवशीं, शांतपणें, आधींच करून ठेवावा. फाटकाची कोणती पायरी बुडाली कीं मुलें सोडणें बंद करावयाचें ? मुख्याध्यापक रजेवर असल्यास हा हुकूम कोणी द्यावयाचा ? रात्र काढावी लागल्यास पिण्याचें पाणी, बिस्किटें, विजेऱ्या कोठें आहेत ? दम्याच्या मुलाचें औषध कोणाजवळ आहे ? ज्या शिक्षिकेचें तान्हें मूल घरीं आहे तिला आधीं मोकळी करावयाची, मग रात्रीं राहणार कोण ? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात; रात्रीं दहा वाजतां ते क्षुल्लक राहत नाहींत.

यांत पालकांचा वांटा मोठा आहे. आपण मुलाला आणावयास धांवतों, आणि त्या धांवण्यानेंच कित्येकदां संकट वाढतें. शाळा व घर यांच्यामध्यें जूनमध्येंच लेखी ठरलें पाहिजे कीं, अशा दिवशीं मूल शाळेंतच राहील, आणि तें न्यावयास येणाऱ्यांचीं नांवें अमुक दोन किंवा तीन आहेत. मग टेलिफोन बंद पडला तरी बापाला ठाऊक असतें कीं मूल कोठें आहे. व्हॉट्‌सॲपवर सर्व भिस्त ठेवणाऱ्यांनीं त्या रात्रीच्या मुक्या मोबाइलची आठवण ठेवावी.

आतां कोणी म्हणेल, आराखडा लिहिला म्हणजे झालें. जपानांतील इशिनोमाकी नगराची ओकावा प्राथमिक शाळा याचें उत्तर देते. ११ मार्च २०११ रोजीं मोठा भूकंप झाला. ही शाळा समुद्रापासून सुमारें चार किलोमीटर आंत, एका नदीच्या कांठीं होती. शिक्षकांनीं मुलांना शिस्तीनें मैदानांत आणलें, आणि पुढें कोठें जावें याचा खल करण्यांत सुमारें पन्नास मिनिटें गेलीं. शाळेच्या पाठीमागेंच डोंगर होता. लाट नदींतून वर चढून आली. ७४ मुलें आणि १० शिक्षक गेले. शाळेचा लेखी आराखडा होता. त्यांत लाट आल्यास जवळच्या मोकळ्या जागेंत किंवा बागेंत जावें असें लिहिलेलें होतें, पण ती जागा कोणती हें लिहिलेलें नव्हतें. २०१८ सालीं सेंदाईच्या उच्च न्यायालयानें शाळेच्या प्रमुखांबरोबर नगराच्या शिक्षणमंडळाचीहि हयगय ठरविली : हा आराखडा अपुरा आहे हें वाचणाऱ्याच्या ध्यानांत यावयास पाहिजे होतें, आणि त्यानें तो दुरुस्त करवून घ्यावयास पाहिजे होता. पुढल्या वर्षीं जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेवला.

"जवळची मोकळी जागा" हे शब्द आपल्याकडील आराखड्यांतहि सर्रास आढळतात. उपनगरांतल्या किती शाळांना ती आहे ? चार मजली इमारत, पुढें रिक्षांनीं भरलेली गल्ली, दोन सत्रांची पटसंख्या. एवढीं मुलें उभीं कोठें करावयाचीं, हें मोजपट्टी घेऊन ठरवावें लागतें. शिवाय प्रत्येक जागेचें संकट वेगळें. घाटकोपरच्या डोंगरउताराखालच्या शाळेनें पावसाळ्याआधीं मागच्या भिंतीकडे पाहावें. १२ जुलै २००० रोजीं तेथील आझादनगरांत दरड कोसळून वस्ती गाडली गेली होती. अंधेरीचीं मुलें रेल्वेच्या एका बाजूनें दुसऱ्या बाजूस शिकावयास जातात, आणि मधला भुयारी रस्ता दर पावसाळ्यांत पाण्याखालीं जातो. तेथें इमारत सुरक्षित असून वाट धोक्याची. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्यें तर एकच जंगल पसरलें आहे. त्याच्या कडेच्या शाळांना हिवाळ्यांत सकाळचें सत्र अंधारांत भरवितांना बिबळ्याचा विचार करावाच लागतो, आणि त्याचा पहिला उपाय बंदूक नसून कुंपणाजवळचा कचरा हलविणें हा आहे, कारण कचऱ्यावर कुत्रीं जमतात आणि कुत्र्यांमागें बिबळ्या येतो. मुलुंडचा आराखडा अंधेरीला उतरवून घेतां येणार नाहीं, तो यामुळेंच.

तपासणीची व्यवस्था कायद्यानें केलेली नाहीं असें नव्हे. १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंत कुंभकोणम्‌ येथें शाळेच्या स्वयंपाकघरांतली आग गवती छपराला लागून ९४ मुलें मेलीं. त्या दुर्घटनेवरून झालेल्या खटल्यांत २००९ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सर्व शाळांना आगीपासून बचावाची साधनें व शिक्षकांचें शिक्षण सक्तीचें केलें. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणें इमारतींतलीं साधनें चालू असल्याचा दाखला दर जानेवारींत व जुलैंत अग्निशमन दलाला द्यावा लागतो. शाळेच्या बसगाड्यांसाठीं २०११ चे नियम आहेत. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें २०१६ सालीं शाळांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. अडचण ही कीं, आगीचा कागद दलाकडे जातो, बसचा परिवहन खात्याकडे, इमारतीचा महापालिकेच्या वॉर्डांत, आणि मुलांच्या संरक्षणाचा शिक्षण निरीक्षकांकडे. हे चारी कागद एका टेबलावर ठेवून वाचणारा मनुष्य कोठें आहे ? माझ्या मतें तो मुख्याध्यापकच असला पाहिजे, आणि त्याच्या समोर बसलेला पालक-शिक्षक संघ.

कागद वाचून जें कळत नाहीं तें रंगीत तालमींत कळतें. परंतु तालीम खरी हवी. आदल्या दिवशीं सूचना देऊन, पाहुण्यांना चहा पाजून केलेली तालीम म्हणजे स्नेहसंमेलन होय. ती मधल्या सुट्टींत घ्यावी, एक सत्र सुटून दुसरें भरत असतां घ्यावी, मुख्याध्यापकांना मुद्दाम बाहेर पाठवून घ्यावी. एक जिना बंद आहे असें समजावें. प्रत्येक वर्गशिक्षकानें हजेरीपट घेऊनच खालीं उतरावें आणि डोकीं मोजावींत. शौचालयांत गेलेलें मूल येथेंच सांपडतें. तिसऱ्या मजल्यावर ज्याला चालतां येत नाहीं असें मूल असल्यास त्याला उचलणाऱ्या दोघांचीं नांवें लिहिलेलीं असावींत. तोच वर्ग तळमजल्यावर आणला तर अधिक बरें. आणि लोखंडी दाराची किल्ली ! ती ज्या शिपायाच्या खिशांत आहे तो चहाला गेलेला असतो. शाळेच्या वेळांत त्या दाराला कुलूपच नको.

आग आणि पाणी दिसतें. दुसरें एक संकट दिसत नाहीं, आणि सभ्य घरांत त्याचें नांवहि काढीत नाहींत. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूरच्या एका शाळेंत बालवर्गांतल्या दोन मुलींवर शाळेंतल्याच पुरुष कामगारानें अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. क्षुब्ध लोक २० ऑगस्टला रेल्वेच्या रुळांवर बसले. दुसऱ्याच दिवशीं राज्य शासनानें कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी आणि सखी सावित्री समिति यांचा हुकूम काढला. हुकूम ठीक आहे. पण कॅमेरा पाहणारें माणूस कोण, पेटी उघडणारें कोण, आणि लहान मुलींना शौचालयांत नेणारी बाईच आहे ना, हें आराखड्यांत नांवानिशीं लिहिलेलें हवें. २०१२ च्या पोक्सो कायद्यानें नुसती शंका आली तरी पोलिसांना कळविणें बंधनकारक केलें आहे. शाळेची अब्रू ही सबब त्या कायद्यांत नाहीं. मुलांना १०९८ हा आंकडा पाढ्यांबरोबर पाठ असावा.

मुंबई महानगरपालिका दर वर्षीं पावसाळ्याआधीं साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. ती यादी शाळेनें जूनमध्यें वेळापत्रकाशेजारीं लावावी, त्या दिवशीं चांचणी-परीक्षा ठेवूं नये, आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा आंकडा तिच्या खालीं मोठ्या अक्षरांत लिहावा. पालकांनीं तीच यादी घरीं न्यावी, आणि मूल न्यावयास कोण येणार त्यांचीं नांवें त्याच दिवशीं शाळेंत लिहून द्यावींत.