वीज पकडायचीय? मग लांब थांबा!

काळंभोर आकाश, हात वर करून उभे असल्यासारखे उंच निवडुंग आणि मागे जमिनीपर्यंत उतरलेली जांभळी वीज! असा फोटो तुम्हीही कधीतरी लाइक केला असेल. असे कितीतरी फोटो येतात ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातून. वाळवंटात पाऊस? हो, आणि तिथेही त्याला ‘मान्सून’च म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा मोसम. दिवसभर जमीन तापते, दमट हवा वर चढते, दुपारनंतर ढग जमतात आणि रात्री आतषबाजी सुरू!

वीज चमकली की बटण दाबू, असं वाटत असेल तर विसरा. तोवर ती गेलेली असते. शटर आधीच उघडं हवं. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल फोकस दूरच्या एखाद्या दिव्यावर, आयएसओ १०० ते ४००, ॲपर्चर एफ/८च्या आसपास, शटर १५ ते ३० सेकंद. मग एकामागून एक फोटो काढत राहायचं. बहुतेक रिकामे जाणार, पण एक लागला तरी रात्र वसूल! शटरचा वेळ वाढवून वीज जास्त उजळ होत नाही. तिचा उजेड ॲपर्चर आणि आयएसओवर ठरतो. शटर ठरवतं ते आजूबाजूचं वाळवंट किती दिसणार ते.

आता खरी मेख. मोकळ्या रानात सगळ्यात उंच कोण? तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड! पाऊस पडतोय तिथून १५ किलोमीटर लांबही वीज कोसळू शकते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आलात. सामान गुंडाळा आणि पत्र्याच्या छपराच्या गाडीत बसा, काचा वर. गाडी वाचवते ती टायरमुळे नाही. वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते म्हणून. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. आणि गाडी कोरड्या ओढ्यात लावू नका. पाऊस डोंगरात पडतो, लोंढा खाली येतो.

गंमत म्हणजे फोटोही लांबूनच भारी येतो. अख्खा ढग फ्रेममध्ये मावतो, लेन्स कोरडी राहते. वाळवंटात मध्ये झाडं-इमारती नाहीत, त्यामुळे लांबचं वादळही स्पष्ट दिसतं.

ॲरिझोना राहू द्या, आपला वळीव आहेच. सेटिंग्ज याच, पण फोटो घरातून, बंद खिडकीच्या काचेआडून. गच्चीवर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते आधी डाउनलोड करा. आपल्याकडे वीज पडून दरवर्षी माणसं जातात. एका फोटोसाठी त्यात भर नको.