मोठ्या कुत्र्यासाठी जुनी मोटार

कुत्र्याचे पिल्लू घरी येते ते बहुधा कोणाच्या तरी मांडीवर बसून. पुढचे काही महिने ते स्कूटरच्या पायाशी बसून दवाखान्यात जाते आणि रस्त्यावरची मुले त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. मग वर्ष उलटते. लॅब्रॅडॉर तीस-पस्तीस किलोंचा होतो, जर्मन शेफर्ड चाळिशीच्या घरात जातो, आणि ग्रेट डेन तर घरातल्या कर्त्या माणसाच्या वजनाशी बरोबरी करू लागतो. स्कूटर केव्हाच बाद झालेली असते. रिक्षावाला प्राण्याकडे एक नजर टाकतो आणि मान हलवून पुढे निघून जातो. रेल्वेने न्यावयाचे म्हटले तर प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे राखून घ्यावा लागतो, नाही तर गार्डच्या डब्यातील पेटीत त्या मुक्या जिवाला एकटे कोंडावे लागते.

इतके दिवस हा प्रश्न गैरसोयीचा असतो. एखाद्या रात्री तो प्राणाचा होतो. खोल छातीच्या मोठ्या जातींत जठर फुगून स्वतःभोवती पिळले जाण्याचा एक विकार आढळतो. पोट एकाएकी टणक होते, कुत्रा ओकारी काढतो परंतु बाहेर काही पडत नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. अशा वेळी शेजाऱ्याचे दार ठोठावून मोटार मागणे सर्वांनाच साधते असे नाही. मध्यम उत्पन्नाचा गृहस्थ वापरलेल्या मोटारीच्या शोधाला लागतो तो पुष्कळदा अशा एखाद्या रात्रीनंतरच.

आणि येथेच पहिली चूक घडते. कुत्रा मोठा, तेव्हा गाडीही मोठी हवी, असा सरळ हिशेब मांडून तो बोलेरो किंवा सुमो पाहावयास जातो. सुमोचे नाव ज्यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या आद्याक्षरांवरून पडले ते सुमंत मुळगावकर हे टाटांच्या मोटार उद्योगाचे शिल्पकार होत. त्यांच्या नावाची ही गाडी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे राबली यात शंका नाही. तिचे उत्पादन 2019 मध्ये थांबले. जुन्या बाजारात ती आजही दिसते. परंतु तिच्या मागच्या दाराचा उंबरठा माणसाच्या मांडीपर्यंत येतो. तीन वर्षांचा कुत्रा त्यावर एका झेपेत चढेल. नऊ वर्षांचा चढणार नाही. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर या दोन्ही जातींत कमरेच्या सांध्याचा दोष पुष्कळ आढळतो. अशा कुत्र्याने दररोज उंचावरून खाली उडी घेणे म्हणजे त्या सांध्यावर दररोज घाव घालणे होय. पस्तीस किलोंचे धूड उचलून आत ठेवण्याची वेळ आली, की मालकाची पाठही त्याच वाटेने जाते.

म्हणून पाहावयाचे ते गाडीचे आकारमान नव्हे. उंबरठा किती खाली आहे, आतली जमीन किती सपाट आहे आणि मागच्या भागापर्यंत थंड हवा पोचते की नाही, या तीन गोष्टी पाहाव्यात. हे मोजण्यास विशेष विद्या लागत नाही. कुत्रा निवांत झोपलेला असताना त्याच्या भोवती खडूने चौकोन काढावा, टेपने त्याची लांबी-रुंदी घ्यावी, आणि तो बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजावी. हे तीन आकडे खिशात ठेवून गाडी पाहावयास जाणारा माणूस विक्रेत्याच्या गोड बोलण्याला सहसा भुलत नाही.

जात पाहूनही विचार बदलतो. बेळगावहून फार दूर नसलेल्या मुधोळ येथील शिकारी कुत्र्याचेच उदाहरण घ्यावे. घोरपडे घराण्याच्या या जुन्या संस्थानाने जोपासलेल्या या कुत्र्याला 2005 मध्ये टपाल तिकिटावर स्थान मिळाले. त्याची खांद्यापाशी उंची सत्तर सेंटिमीटरच्या आसपास जाते, पण देह वेताच्या छडीसारखा, वजन लॅब्रॅडॉरहून कमी. त्याला रुंद जागेपेक्षा डोक्यावरची मोकळीक अधिक लागते. अंगावर चरबी नसल्याने उघड्या पत्र्यावर त्याची हाडे घासतात, तेव्हा त्याच्यासाठी जाड गादीचा खर्चही हिशेबात धरावा.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. लांब शेपटीच्या, बंद डिकीच्या गाड्या, म्हणजे ज्यांना सेडान म्हणतात त्या, आज बऱ्याच स्वस्तात मिळतात, आणि त्यामुळेच मोह पडतो. तो आवरावा. बंद डिकीत जिवंत प्राणी ठेवता येत नाही, आणि मागचे आसन मोठ्या कुत्र्याला अरुंद पडते. ब्रेक लागताच तो आसनावरून पाय ठेवण्याच्या खड्ड्यात घसरतो. घरी सेडान आधीच असेल तर त्या खड्ड्यावर फळी टाकून, वर गादी पसरून काम भागवता येते. मुद्दाम विकत मात्र घेऊ नये.

मागचे दार वर उघडणाऱ्या गाड्यांपैकी वॅगन-आर ही उंच छताची म्हणून ओळखली जाते. 2019 च्या नव्या आवृत्तीत तिची डिकी 341 लिटरची झाली. मागचे आसन पाडले म्हणजे लॅब्रॅडॉरला पुरेल एवढी लांबी मिळते, मात्र त्या वेळी मागे माणूस बसू शकत नाही. दोन माणसे आणि एक कुत्रा एवढ्याच कुटुंबाला ती पुरते. होंडाची जाझ 2023 मध्ये बंद झाली, परंतु 2015 मध्ये आलेल्या जाझच्या काही प्रकारांत एक सोय अशी होती, की मागच्या आसनाची बैठक सिनेमागृहातील खुर्चीप्रमाणे वर उचलली जाई. इंधनाची टाकी पुढच्या आसनांखाली असल्याने तेथील जमीन बरीच खाली होती. म्हातारा शेफर्ड बाजूच्या दारातून पायरी चढावी तसा आत येतो. मात्र ही सोय सर्व जाझ गाड्यांत नव्हती. बैठक स्वतः उचलून पाहिल्याखेरीज विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

मारुतीची ईको ही 2010 पासून रस्त्यावर आहे आणि पाच आसनांच्या ईकोत मागे जणू एक लहानशी खोलीच असते. किमतीच्या मानाने एवढी जागा अन्यत्र मिळणे कठीण. तिचा दोष असा, की इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने त्यालगतची जमीन तापते. कुत्र्याची गादी मागच्या टोकाला घालावी हे खरे, पण स्वस्त ईकोला पुष्कळदा वातानुकूलन नसते, आणि असलेच तरी त्याची हवा त्या टोकापर्यंत क्षीण होऊनच पोचते. बेळगावच्या पावसाळी हवेत हे एक वेळ चालेल. मडगावच्या किंवा हैदराबादच्या मे महिन्यात चालणार नाही.

या सर्वांत सरस म्हणावी अशी गाडी 2019 च्या ऑगस्टमध्ये आलेली रेनोची ट्रायबर होय. हिची तिसरी ओळ दुमडावी लागत नाही, ती उचलून घरातच ठेवता येते. मग मागे 625 लिटरची जागा उरते आणि मधल्या ओळीत तीन माणसे बसू शकतात. वरच्या प्रकारांत मागच्या ओळींसाठी हवेची स्वतंत्र भोके आहेत. अगदी खालच्या प्रकारात ती नाहीत, म्हणून चौकशी करावी. इंजिन लहान असल्याने चोर्ला घाटात भरलेली गाडी दमते, ही तक्रार खोटी नाही. घाट हळू चढावा. कुत्र्याच्या पोटालाही तेच मानवते. याहून मोठी अर्टिगा 2012 पासून मिळते व तिची तिसरी ओळ दुमडते; पण तिला मागणी इतकी, की जुनी असूनही किंमत उतरत नाही. उलट शेवरोलेची एन्जॉय अगदी मातीमोल मिळते. कंपनीने 2017 च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले हे त्यामागचे कारण. सुट्या भागांची खात्री देणारा मिस्त्री गावात असेल, तरच त्या वाटेला जावे.

गॅसवर चालणाऱ्या गाडीचा विचार येथे वेगळा करावा लागतो. इंधनाची बचत होते, पण टाकी बहुधा डिकीतच, म्हणजे नेमकी कुत्र्याच्या जागेवर बसवलेली असते. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करावी लागते.

उष्णतेविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण जीव जातो तो येथे. माणसाचे सर्व अंग घामेजते. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या तळव्यांना, तोही थोडका. अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर टाकतो, आणि भोवतालची हवा तापली की धापांचा उपयोग संपतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान त्यांनी तासभर मोजले, तेव्हा ते सरासरी बावीस अंश सेल्सियसने चढलेले आढळले. त्यांतील चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. बाहेरचे तापमान बावीस अंश, म्हणजे महाबळेश्वरास शोभेल असे, असतानाही हीच गत झाली. भाजी घेऊन पाच मिनिटांत येतो असे म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवणाऱ्याने हा आकडा ध्यानी ठेवावा.

त्यामुळे जुनी गाडी पाहावयाची ती सकाळच्या गारव्यात नव्हे, भर दुपारी. वातानुकूलन चालू करून घरातील एकाने मागच्या भागात खाली जमिनीवर पंधरा मिनिटे बसावे, दुसऱ्याने गाडी चालवावी. विक्रेता चकित होऊन पाहील, पाहू द्यावे. मागे बसणाऱ्याला घाम फुटला तर कुत्र्याचे काय होईल ते निराळे सांगावयास नको. धुराचा वास आत येत असेल तर मागच्या दाराचे रबर गेलेले आहे असे समजावे.

इतर परीक्षा कोणत्याही जुन्या गाडीच्याच. गोव्याच्या किनाऱ्यावर राहिलेली गाडी खाऱ्या हवेने खालून गंजते. ती खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून पाहावी. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडील पुष्कळ गाड्या पाण्याखाली गेल्या. स्टेपनीखालील खड्डा, आणि पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टच्या मुळाशी गाळाची रेघ, हे दोन साक्षीदार खोटे बोलत नाहीत. गाडीत सुगंधी फवारा भरपूर मारलेला असल्यास तो कशासाठी, हे विचारावे. टायरवर चार आकड्यांची खूण असते. 2319 याचा अर्थ 2019 सालचा तेविसावा आठवडा.

वयाचा हिशेब मात्र येथे निराळा पडतो, आणि तो खरेदीदाराच्या फायद्याचा आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मोठ्या जातीचा कुत्रा साधारणतः दहा-बारा वर्षे जगतो, ग्रेट डेन त्याहूनही कमी. तीन वर्षांच्या कुत्र्यासाठी 2018 ची गाडी घेतली तर तिची नोंदणी 2033 पर्यंत चालेल आणि दोघेही बरोबरीने म्हातारे होतील. अधिक नव्या गाडीसाठी कर्ज काढण्याचे कारण उरत नाही. हाती चार लाख असतील तर सर्वच्या सर्व गाडीत घालू नयेत. साठ-सत्तर हजार टायर, बॅटरी, वातानुकूलनाची दुरुस्ती आणि मागच्या भागाची जाळी यांसाठी वेगळे काढावेत.

सीमाभागातील वाचकांना एक अडचण अधिक सोसावी लागते. पणजीत किंवा कोल्हापुरात गाडी स्वस्त मिळाली म्हणून बेळगावचा माणूस आनंदाने ती घेऊन येतो. परंतु परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर कायद्याने तिची नोंदणी नव्या राज्यात करावी लागते, आणि त्या राज्याचा कर भरावा लागतो. जुन्या राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी कचेरीच्या फेऱ्या आल्या. अठ्ठावीस क्रमांकाच्या अर्जावरील ना-हरकत प्रमाणपत्र, एकोणतीस व तीस क्रमांकांचे हस्तांतराचे अर्ज, आणि गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा पस्तीस क्रमांकाचा अर्ज, एवढे हाती आल्यावाचून शेवटची रक्कम देऊ नये. नव्या राज्याचा कर धरून किंमत मांडली, की पणजीची स्वस्ताई पुष्कळदा तेथेच संपते. विम्यावरील नाव चौदा दिवसांत बदलण्यासाठी कंपनीला कळवावे लागते. हे काम मागे पडते खरे.

जाळीचा उल्लेख वर आलाच आहे. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर मागे मोकळा बसलेला कुत्रा त्याच वेगाने पुढे येतो. तो आघात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो, आणि तो कुत्र्यालाच नव्हे तर पुढे बसलेल्यांनाही बसतो. म्हणून मागच्या जागेत जाळी, किंवा छातीपट्टा गाडीच्या पट्ट्याला अडकवून बसवणे, यांपैकी एक हवेच. पुढच्या आसनावर कुत्रा बसवू नये. फुगणारी पिशवी माणसाच्या मापाने केलेली असते.

विसार देण्यापूर्वी शेवटची फेरी कुत्र्याला घेऊन मारावी. त्याला ओढू नये, उचलू नये. मागचे दार उघडून बाजूला उभे राहावे. तो हुंगेल, पुढचे पाय ठेवील, थांबेल. पंजे घसरतात असे दिसले तर घरून आणलेले रबरी जोते खाली पसरून पुन्हा पाहावे, कारण पुष्कळ कुत्रे गाडीला भीत नाहीत, गुळगुळीत जमिनीला भितात. तरीही तो मागे सरला, तर फळीचा उतार लावून एकदा पाहावे, आणि त्यावरूनही तो चढला नाही तर त्या दिवशी विसार न देता घरी यावे.