चौकट : डोंगरावरचा रिपब्लिकन

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात 1874 नंतर जवळजवळ शतकभर डेमोक्रॅटिक पक्षाचीच सत्ता होती. खरी लढत त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच आटोपायची. तिथे 1953 मध्ये न्यूयॉर्कहून विन्थ्रॉप रॉकफेलर आले. तेलसम्राटाचा हा नातू पेटी जीन डोंगरावर ‘विनरॉक फार्म्स’ उभारून सांता गर्ट्रूडिस जातीची गुरे पोसू लागला. त्यांना शेतकरी म्हणताना जीभ जरा अडखळते, पण गुरांचा धंदा त्यांनी मनापासून केला. नावापुरत्या उरलेल्या रिपब्लिकन पक्षात त्यांनी पदरचा पैसा ओतला. 1964 मध्ये गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसकडून हरले. 1966 मध्ये कट्टर वर्णभेदवादी जिम जॉन्सनला हरवून गव्हर्नर झाले. कृष्णवर्णीयांची मते मोलाची ठरली. मात्र 135 जणांच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाचे आमदार होते अवघे तीन! साहजिकच त्यांची बरीच विधेयके अडली. 1968 मध्ये मतदारांनी गव्हर्नरपदी पुन्हा रॉकफेलर, सिनेटवर डेमोक्रॅट फुलब्राइट आणि अध्यक्षपदासाठी वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेस अशी तिरपागडी निवड केली. 1970 मध्ये डेमोक्रॅट डेल बम्पर्सनी रॉकफेलरना हरवले. जाता जाता रॉकफेलरनी मृत्युदंड झालेल्या पंधराही कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली.