पळसाला पाने किती?

‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या रानांत पळस विपुल. तेव्हा तिचा पडताळा घेणे विद्यार्थ्यांस अवघड नाही. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती तीन पाने नव्हेत. ते एकच पान होय! पानाचा देठ फांदीस जेथे जोडलेला असतो, तेथे बगलेत एक लहानशी कळी असते. पळसात ही कळी तिन्ही दलांच्या समाईक देठापाशी सापडते. एकेका दलाच्या बुडाशी नव्हे. म्हणून ती दले म्हणजे एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका होत. सागाचे पान याउलट साधे. एका देठावर एकच रुंद पाते.

पात्यातील शिरांचे जाळे पानास ताठ ठेवते, मुळांनी शोषलेले पाणी आत आणते आणि तयार अन्न इतर अवयवांकडे नेते. शिरांच्या मधल्या पेशींत हरितद्रव्य असते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पान पाणी आणि हवेतील कर्बद्विप्राणिल, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, यांपासून साखर बनविते व प्राणवायू बाहेर टाकते. हे कार्य केवळ हिरवे भाग आणि तेही उजेडातच करतात, हे इंगनहाऊस या डच वैद्याने १७७९ साली प्रयोगांनी दाखवून दिले.

हवेत हा कर्बवायू शेकडा सुमारे ०.०४ इतकाच असतो. तो आत घेण्यासाठी पानास पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म दारे असतात. प्रत्येक दाराशी दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते. येथेच झाडापुढे पेच उभा राहतो. दार उघडावे, तर आतील पाण्याची वाफ होऊन जाते; मिटावे, तर अन्न बनविणे थांबते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो व जमिनीतील ओल आटते. अशा वेळी रुंद पानांचा खर्च सागास परवडत नाही. म्हणून तो उन्हाळ्यापूर्वीच ती गाळू लागतो. मात्र ही उधळपट्टी नव्हे. गळण्यापूर्वी पानातील बरीच उपयुक्त द्रव्ये झाड परत घेते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा नाजूक थर तयार होतो, तेथून पान सुटते आणि जखम बुजते. निष्पर्ण साग मेलेला नसतो. तो पाणी राखून पावसाची वाट पाहत असतो.

गळलेल्या पानाचे कार्यही संपत नाही. पाचोळा जमिनीची ओल राखतो व कुजून खत होतो. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती आग पसरली म्हणजे पावसाळ्यात रुजलेली कोवळी रोपे जळून जातात. हे टाळणे आपल्या हाती आहे.

विद्यार्थ्यांस आम्ही एक सोपा प्रयोग सुचवितो. सकाळी अंगणातील झाडाच्या पानाळ फांदीस पारदर्शक पिशवी घट्ट बांधावी. दोन-तीन तासांनी पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. एका फांदीचा हा खर्च पाहिला, म्हणजे संपूर्ण वृक्षाच्या तहानेची कल्पना येईल. आणि उन्हाळ्यात अंगणातील रोपास तांब्याभर पाणी घालण्याची आठवण कोणास करून द्यावी लागणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.